तिसरी पट्टी

काचवाल्याच्या मुलीला शाळेत सगळे काटकोन म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याची नजर चांगली होती. समास आखायचा तर काटकोननं, फळ्यावर तक्ता काढायचा तर काटकोननं, आणि कुणाच्या वाढदिवसाला केक कापायचा असला तर दुसऱ्या कुणी चाकूला हात लावायची सोयच नव्हती. चाकू टेकवायच्या आधी ती एक डोळा मिटायची, मान जराशी वाकडी करायची आणि मग एकदाच, न थांबता कापायची. तुकडे असे सारखे पडायचे की वर्गातल्या सगळ्यात हावरट मुलीलासुद्धा कुठला उचलावा ते सुचायचं नाही.

ही नजर घरातूनच आलेली. खाली वडिलांचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या चौकटीत बसवायच्या काचा, सगळं बाबा कापून द्यायचे. काचेवर पट्टी धरायची, कापायच्या हिऱ्यानं एक रेघ ओढायची, काच टेबलाच्या कडेवर आणून हलकेच दाबायची, की टक् करून दोन तुकडे. एका काचेतून एकाची खिडकी काढली की तेवढी काच दुसऱ्याला मिळत नाही, हे ती चालायला लागायच्या आधीपासून बघत आली होती. बाबा म्हणायचे, "कापड थोडं ओढता येतं, लाकडात भुसा भरता येतो. काचेची मात्र समजूत घालता येत नाही." आई पडदे शिवायची. ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "समजूत घालायचीच असेल तर आधी माझी घाला. कपाटाचा आरसा तडकून किती दिवस झाले?" मग बाबा खाली दुकानात निघून जायचे.

काटकोनच्या दोन मैत्रिणी. एक गुणगुण, समोरच्या इमारतीत राहणारी, बालवाडीपासूनची. तिच्या तोंडात सतत कसला तरी सूर असायचा, पेपर लिहितानासुद्धा, आणि पर्यवेक्षक बिचारे पंखा वाजतोय का म्हणून वर बघत राहायचे. दुसरी शिडी. ती नंतर आली, दुसऱ्या शाळेतून, आणि आली तीच एवढी उंच की पहिल्याच दिवशी तिला ट्यूबलाइट बदलायला उभं केलं. शिडी आली आणि दोघींच्या तिघी झाल्या.

आता तीन हा आकडाच मुळात भांडखोर. बाक दोघींचा, छत्री दोघींची, गाणी ऐकायच्या तारेला टोकं दोन. शाळेत तिघी-तिघींचे घोळके बघता बघता फुटायचे, एक रडत बाहेर पडायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच दोघींच्या मागे फिरायची. काटकोननं हे पाहिलं होतं आणि मनाशी पक्कं ठरवलं होतं की आपलं असं होऊ द्यायचं नाही. तिनं नियम घातले. बाकावर तिघींनी दाटीनं बसायचं, आणि मधे बसायची पाळी रोज बदलायची. खाऊ जी कापेल तिनं शेवटी उचलायचा. बसमधली खिडकीजवळची जागा जाताना एकीला, येताना दुसरीला, आणि तिसरीला पुढच्या वेळी आधी विचारायचं. सुरुवातीला बाकीच्या दोघींना याची फार मजा वाटायची. भांडण म्हणून नाही. वर्गातल्या दुसऱ्या मुलीसुद्धा आपली भांडणं घेऊन तिच्याकडे यायच्या, आणि काटकोन एक डोळा मिटून निवाडा द्यायची. तेव्हा तिला स्वतःचा किती अभिमान वाटायचा ते काही विचारू नका.

मग त्या पंधरा वर्षांच्या झाल्या आणि काहीतरी बिनसलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, तिला ते सोडवता आलं असतं. झालं असं की बाकीच्या दोघी मोजायच्या थांबल्या. शिडीचा स्वेटर गुणगुणच्या अंगात आठवडाभर दिसायचा. गुणगुण आपल्या वाटचं सफरचंद अर्धं खाऊन शिडीच्या हातात द्यायची, आणि शिडी ते न बघता, दुसरीकडे बोलत बोलत खाऊन टाकायची. काटकोननं विचारलं, "आज मधे कुणाची पाळी?" तर दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि एक कुणीतरी म्हणायची, "अगं, असू दे."

हे 'असू दे' काटकोनच्या डोक्यात जायचं. तू जास्त घेतलंस? असू दे. माझी छत्री हरवलीस? असू दे. दोघी एकमेकींना दिवसातून कितीदा असू दे म्हणायच्या, आणि तिला मात्र कधीच कुणी म्हणालं नव्हतं. म्हणणार तरी कसं? तिच्याकडे कधी कुणाचं काही राहिलेलंच नसायचं. ती घेतलेलं तिथल्या तिथे फेडायची आणि दिलेलं कधी विसरायची नाही.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. नियमानं वाटलं तर तीनातला एक वाटा आपला, तो कुणी काढून घेऊ शकत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण आवडीनं वाटायचं ठरलं, मन मानेल तसं, तर आपल्या वाट्याला किती येईल? गुणगुण तिची बालवाडीपासूनची मैत्रीण होती. इतकी जुनी दुसरी कुणी नव्हती. म्हणून ती नियम आणखी घट्ट धरायला लागली.

त्या वर्षी सुट्टीत तिघी मातीकाम शिकायला गेल्या. छापखान्याच्या मागे एक लांबट शेड होती, तिथे भट्टीमावशी शिकवायच्या. त्यांचं खरं नाव शेडच्या दारावर लिहिलेलं होतं, पण मुलांनी त्यांना भट्टीमावशी केलं ते केलंच. कोपरापर्यंत हात मातीत, कपाळावर मातीचा पट्टा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं हसावं का घाबरावं ते कळू नये. काटकोनला हे काम लगेच जमलं. तिनं सहा पेले केले. पुठ्ठ्याची एक पट्टी कापून घेतली आणि प्रत्येक पेला त्या पट्टीला लावून बघितला, उंचीला, तोंडाला, बुडाला. भट्टीमावशींनी दोन पेले हातात घेतले, खालीवर केले आणि म्हणाल्या, "हे माणसानं केलेत का गं?" तिला ते कौतुकच वाटलं, आणि बहुतेक ते कौतुकच होतं.

शिडीनं बशा केल्या. सगळ्या वाकड्या, एक तर इतकी की टेबलावर ठेवली की डुलायची. आणि गुणगुणनं एकच वस्तू केली. मातीच्या वळ्यांवर वळ्या चढवून एक भलामोठा पसरट वाडगा. रोज ती त्यात एक वळी वाढवायची आणि गुणगुणत कडा लिंपत बसायची. "यात काय ठेवणार?" कुणी विचारलं तर म्हणायची, "बघू." भट्टीमावशी जाता-येता टोमणा मारायच्या, "बुडवून आंघोळ घालायचा विचार आहे का कुणाला?" पण वाडगा झाला होता देखणा. त्याची कड जरा वरखाली होती आणि ती तशीच छान दिसायची. काटकोनलाही तो आवडला होता, फक्त तिनं तसं म्हटलं नव्हतं.

सुट्टी संपत आली आणि बातमी आली की शेडच्या जागी गाड्या उभ्या करायला जागा होणार. भट्टीमावशींना हलायचं होतं, लांबच्या गावी, बहिणीकडे. भट्टी सुटी करून ट्रकमध्ये घालायची होती. त्याआधी एकच भाजणी. "चकाकीचा लेप नंतर कुठेही लावून घ्याल," त्या म्हणाल्या, "पण कच्ची माती म्हणजे बिस्कीट. पावसाचं पाणी लागलं की चिखल, धक्का लागला की चुरा. त्यामुळे जे काय भाजायचं ते आत्ता."

भट्टी म्हणजे वरून झाकण उघडणारी एक मोठी लोखंडी पेटी. आत थरावर थर फळ्या लावायच्या, मधे आधाराला ठोकळे. खालच्या फळ्या दुसऱ्या मुलांच्या वस्तूंनी भरून झाल्या होत्या. सगळ्यात वरची फळी टेबलावर होती, रिकामी. भट्टीमावशी म्हणाल्या, "ही तुम्हा तिघींची. तुमची तुम्ही लावा. मी त्या ट्रकवाल्याशी बोलून येते, नाहीतर तो मला इथंच ठेवून जाईल आणि भट्टी घेऊन जाईल." आणि त्या गेल्या.

काटकोननं खिशातून दोरा काढला. खडूही तिच्याकडे होताच. तिनं फळीची लांबी दोऱ्यानं मापली, दोऱ्याची तीन पदरी घडी घातली, खुणा केल्या आणि दोन रेघा ओढल्या. तीन पट्ट्या, तंतोतंत सारख्या.

"पट्ट्या कशाला?" शिडी म्हणाली.

"मग ठेवणार कसं?"

"बसेल तसं."

"बसेल तसं म्हणजे जी आधी ठेवेल तिचं," काटकोन म्हणाली, आणि तिसऱ्या पट्टीत आपले सहा पेले मांडले. तीन आणि तीन. शिडीनं पहिल्या पट्टीत बशा ठेवल्या. मग गुणगुणनं वाडगा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि मधल्या पट्टीवर नुसता धरून उभी राहिली. तो दोन्ही बाजूंना बाहेर येत होता.

"मावत नाही गं," गुणगुण म्हणाली.

शिडीनं एक क्षणही विचार केला नाही. तिनं आपल्या बशा एकावर एक रचून उचलल्या आणि खांद्यावरच्या पिशवीत ठेवून दिल्या. "माझी पट्टी घे. बशा काय, भाजल्या काय नि नाही भाजल्या काय."

"असं कसं?" काटकोन म्हणाली. "तूही तेवढेच दिवस काम केलंस."

"मी देतेय ना."

"तू देतेस म्हणून ते बरोबर होत नाही. तुझ्यावर अन्याय होतोय."

शिडी हसली. "माझ्यावर अन्याय झाला तर मला कळेल की नाही? तुलाच आधी कसं कळतं?"

गुणगुणनं वाडगा खाली ठेवला. दोन पट्ट्या मिळूनही तो पुरता बसला नाही. त्याची वरखाली कड दुसऱ्या रेघेवरून पुढे, काटकोनच्या पट्टीत, दोन बोटं आली आणि पहिल्या पेल्याला जवळजवळ टेकली.

"दोनच बोटं आहेत," गुणगुण म्हणाली. "पेले जरा सरकवतेस?"

सरकवता आले असते. एखादा पेला फार तर बाहेर काढावा लागला असता, आणि सहाच्या जागी पाच पेल्यांनी जगाचं काही बिघडणार नव्हतं. हे काटकोनला तेव्हाही दिसत होतं, ती काही आंधळी नव्हती. पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. शिडीनं न विचारता दिलं, गुणगुणनं न लाजता घेतलं, त्या दोघींची एक पट्टी होऊन गेली होती, आणि आता ती पट्टी सरकत तिच्यापर्यंत आली होती. आज दोन बोटं. मग काय? सगळंच त्या दोघींचं, आणि आपण कडेला पेले सरकवत बसायचं? एवढी एक पट्टी तरी आपली असू दे, असं तिला वाटलं. रडू येईल की काय अशी अवस्था होती, आणि रडू येऊ नये म्हणून तिचा आवाज नको तितका कोरडा निघाला.

"ही माझी पट्टी आहे," ती म्हणाली.

गुणगुणनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण रोज ज्या दारातून जातो ते दार आज बंद कसं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. मग ती म्हणाली, "बरं," आणि वाडगा उचलला. तो जड होता. शिडीनं पटकन दुसरी बाजू धरली.

आता काटकोन घाबरली. "निदान तुझ्या बशा तरी ठेव ना," ती शिडीला म्हणाली. "तुझी पट्टी रिकामीच आहे."

"नको," शिडी म्हणाली. "असू दे."

इतके दिवस ज्या शब्दांची तिनं वाट पाहिली होती ते तिला मिळाले, आणि असे मिळाले. दोघी वाडगा धरून शेडबाहेर पडल्या. काटकोन दारापर्यंत गेली. त्या रस्त्याच्या कडेनं सावकाश, एकमेकींशी पाऊल जुळवत चालल्या होत्या, आणि समोरून येणारे लोक बाजूला होऊन त्यांना वाट देत होते. वाडग्याला तिसरीनं हात लावायला पुष्कळ जागा होती. धावत जाऊन तिनं हात लावला असता तर कुणी नको म्हटलं नसतं. ती दारातच उभी राहिली.

भट्टीमावशी आल्या त्या घाईत. "त्या दोघींचं काय?"

"त्या घरी घेऊन गेल्या," काटकोन म्हणाली. खोटं नव्हतंच ते.

"काय पोरी आहेत," असं पुटपुटत भट्टीमावशींनी कोपऱ्यातला, कुणीच न नेलेला, सोंड तुटलेला एक मातीचा हत्ती उचलला आणि रिकाम्या दोन पट्ट्यांवर आणून ठेवला. कुणाचा होता देव जाणे. मग त्यांनी फळी आत बसवली आणि झाकण लावलं.

घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचं नव्हतं, पण आईनं दोनदा विचारलं, "आज तोंडाला कुलूप का?" आणि ते निघालं. बाबांनी नीट ऐकून घेतलं. पट्ट्या किती रुंद होत्या तेही विचारलं. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. ज्याचं माप त्याचं. उद्या मी कुणाच्या तावदानातून दोन बोटं दुसऱ्याला दिली तर दुकान बंद करावं लागेल." ते मनापासून तिच्या बाजूनं बोलत होते. ती आईकडे वळली. आईनं तिच्या ताटाजवळ पाण्याचा पेला सरकवला आणि उठून भांडी आवरायला लागली. आपण बरोबर आहोत हे ऐकलं की माणसाला बरं वाटतं, असं काटकोन इतके दिवस समजत होती. त्या रात्री तिला तसं काही वाटलं नाही.

भट्टी गार झाली तेव्हा ती एकटीच पेले आणायला गेली. सहाही उत्तम निघाले होते, फिकट गुलाबी, वाजवले तर खणखणीत. भट्टीमावशी फळ्या काढून कागदात गुंडाळत होत्या.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "तो वाडगा का नेला तिनं? चिरला होता का?"

"नाही. मावत नव्हता. माझे पेले होते ना."

"मग पेले वाडग्यात ठेवायचे."

काटकोनला कळलंच नाही. "वाडग्यात?"

"अगं, ही पहिली भाजणी. चकाकी लावलेली असली तर एकाला एक चिकटतं, तेव्हा लांब ठेवायचं. कच्च्या मातीला काय? भांडं भांड्यात बसतं. वाडगा मधोमध, त्यात तुझे पेले, पेल्यांवर त्या उंच पोरीच्या बशा. फळीवर आणखी हत्ती मावले असते." त्यांनी फळीवरची खडूची रेघ अंगठ्यानं पुसली. "हे कोणी आखलं?"

काटकोननं मान खाली घातली. भट्टीमावशींनी पुन्हा विचारलं नाही. "चूक माझीच," त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगून जायला हवं होतं. त्या ट्रकवाल्यानं डोकं खाल्लं माझं." आणि पेले ठेवायला त्यांनी तिला एक पुठ्ठ्याचा डबा दिला.

घरी येताना ती डबा छातीशी धरून चालली होती आणि तिला काच दिसत होती. फळी तिनं काचेसारखी पाहिली होती. एकाचं कापलं की दुसऱ्याचं गेलं. भांड्याला आत जागा असते, एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यातच आली नाही. आली नाही म्हणून तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. डबा तिनं पलंगाखाली सरकवला.

मग शाळा सुरू झाली. तिला वाटलं होतं दोघी बोलणार नाहीत. तसं झालं नाही. दोघी बोलल्या, हसल्या, बाकावर जागाही ठेवली. उलट पूर्वीपेक्षा जास्त जपून वागायला लागल्या. "आज मधे तुझी पाळी," गुणगुण आठवणीनं सांगायची. काही खायला आणलं की आधी तिच्यापुढे धरायची आणि ती उचलेपर्यंत हात मागे घ्यायची नाही. शिडीनं एकदा तिची पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या दिवशी टोक काढून परत केली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि दोघी आपापसात मात्र तशाच. एकीच्या डब्यात दुसरीचा हात, एकीच्या खांद्यावर दुसरीची पिशवी. त्यांच्याकडे एक नियम होता आणि तो फक्त तिच्यासाठी ठेवलेला होता.

तिनं बरेच दिवस मनाची तयारी केली. काय म्हणायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं, त्या तडकलेल्या आरशासमोरच, आणि एका दुपारी डबा पलंगाखालून काढून ती समोरच्या इमारतीत गेली. गुणगुणच्या आईनं दार उघडलं.

"अगंबाई, किती दिवसांनी," काकू म्हणाल्या. "जा ना आत. दोघी आहेत."

आतून हसण्याचा आवाज येत होता. ती दारात दिसली तेव्हा तो थांबला नाही, पण कमी झाला. शिडी पलंगावर आडवी पडली होती, पाय भिंतीवर. गुणगुण खाली बसली होती. टेबलावर वाडगा होता, न भाजलेला, राखाडी, एका कडेला बारीक भेग गेलेली. त्यात केसांच्या क्लिपा होत्या, पेनं, बिस्किटांचा फोडलेला पुडा, एकच मोजा, किल्ल्या. काय कुणाचं ते सांगता आलं नसतं.

"तुझ्या वाडग्यात माझे पेले बसले असते," काटकोन म्हणाली. आरशासमोर तिनं याच्या आधी दोन-तीन वाक्यं म्हटली होती, ती सगळी गळून गेली. "कच्च्या भाजणीत चालतं. मला माहीत नव्हतं."

"हो, मावशी म्हणाल्या," गुणगुण म्हणाली. "ट्रक भरायच्या दिवशी."

"तुम्ही गेला होतात?"

"सामान उचलायला. तुला हाक मारणार होतो," शिडी म्हणाली आणि पाय भिंतीवरून खाली घेतले.

"मला खरंच माहीत नव्हतं," काटकोन पुन्हा म्हणाली.

"आम्हाला तरी कुठे माहीत होतं? जाऊ दे गं," गुणगुण म्हणाली. "आणि तू काही चुकीचं नाही केलंस. तुझी पट्टी होती."

ती भांडली असती, एकदा तरी आवाज चढवला असता, तर काटकोनला धरायला काहीतरी मिळालं असतं. गुणगुण अगदी समजुतीनं बोलत होती. बालवाडीत एकाच रुमालाला नाक पुसणारी ही मुलगी आता तिच्याशी दुकानात बोलावं तशी नीट बोलत होती.

काटकोननं डबा पुढे केला. "हे तुला."

"काय आहे?"

"पेले. सगळे. तुलाच."

तिनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी न मोजता दिलं होतं, आणि ते देताना तिचे कान गरम झाले होते. गुणगुणनं डबा घेतला. झाकण उघडून ती आत बघत राहिली, आणि क्षणभर तिचा चेहरा असा मऊ झाला की काटकोनला वाटलं, झालं, आता ही उठेल आणि म्हणेल बस ना. गुणगुणनं एक पेला बाहेर काढला. मग दुसरा. एकेक करून सहाही तिनं जमिनीवर ओळीत मांडले.

"सुंदर झालेत गं," ती म्हणाली, आणि खरंच म्हणाली.

मग तिनं दोन पेले उचलून शिडीच्या बाजूला ठेवले. दोन स्वतःच्या बाजूला ओढले. उरलेले दोन तिनं परत डब्यात ठेवले, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे कागद नीट दाबून बसवला, झाकण लावलं आणि डबा काटकोनच्या हातात दिला.

"सगळे कसे घेऊ? फळी तिघींची होती," गुणगुण म्हणाली. "दोन-दोन. आता बरोबर?"

त्यात टोमणा नव्हता. काटकोननं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, टोमणा शोधला, पण तो नव्हताच. जिला यातलं कळतं तिला माणूस विचारतो तसं ती विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत होती. शिडीही बघत होती. पलंगावर तिच्याशेजारी पुष्कळ जागा होती.

"बरोबर," काटकोन म्हणाली.